विश्लेषण : प्रोस्टेटचा कर्करोग किती आक्रमक? सुईच्या आधी चित्र का हवं?

पीएसए वाढला की थेट बायोप्सी, ही सवय आता मोडायला हवी. एमआरआय आणि पेट स्कॅनमध्ये नेमकं काय दिसतं, काय दिसत नाही आणि रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना काय विचारायचं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांचा रक्ताचा रिपोर्ट आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. पाच पानांच्या त्या पीडीएफमध्ये एकच आकडा ठळक अक्षरांत होता. पीएसए ७.२. शेजारी ‘नॉर्मल’ मर्यादा लिहिलेली, चारपर्यंत. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, वय ६४. त्रास म्हणाल तर रात्री एकदा लघवीला उठावं लागतं, एवढाच. ‘वयाचं आहे ते,’ असं म्हणून ते विषय संपवायचे. भाचीशी यावर बोलायला त्यांना लाज वाटायची.

आठवडाभरात बायोप्सी झाली. प्रोस्टेटमधून बारा ठिकाणचे तुकडे काढले. नंतर तीन दिवस थंडी वाजून ताप आणि अँटिबायोटिकची इंजेक्शनं. मग रिपोर्ट आला, कर्करोग आढळला नाही. मामींनी पेढे वाटले.

वर्षभराने पीएसए ११ वर गेला. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी सुई उचलण्याआधी एमआरआय करायला सांगितला. प्रोस्टेटच्या पुढच्या भागात, म्हणजे गुदमार्गातून घातलेली सुई सहसा पोहोचत नाही अशा ठिकाणी, दीड सेंटिमीटरचा डाग दिसला. नेमकी तिथली बायोप्सी झाली. ग्लिसन ४+३. म्हणजे कर्करोग होता आणि तो स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता.

सगळं समजल्यावर मामा एवढंच म्हणाले, “म्हणजे पहिल्यांदा बोनेट न उघडताच पाना घातला की गं.”

मी डॉक्टर नाही. शिक्षणाने ईएनटीसी इंजिनीअर आहे आणि काम बातम्यांचं करते. पण या वर्षभरात मी जे वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. ज्या पुरुषाला प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय म्हणून बायोप्सी सांगितली जाते, त्याला शक्य तिथे आधी एमआरआय मिळायला हवा. चैन किंवा जादा तपासणी म्हणून नव्हे, पहिली पायरी म्हणून. आणि त्या चित्राला निकाल न समजण्याची शिस्तही आपण शिकायला हवी. हे दोन्ही का, ते क्रमाने पाहू.

खरा प्रश्न : कर्करोग आहे का, की कोणता आहे?

प्रोस्टेट, म्हणजे पौरुष ग्रंथी, ही मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी असते. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी ती फुगते आणि लघवीच्या तक्रारी सुरू होतात. ही वाढ बहुतेक वेळा साधी असते, कर्करोगाची नसते.

या ग्रंथीच्या कर्करोगाचं वैशिष्ट्य असं की त्याचे स्वभाव टोकाचे वेगळे असतात. काही गाठी इतक्या संथ वाढतात की माणूस ऐंशी-नव्वद वर्षं जगून दुसऱ्याच कारणाने जातो आणि त्याला हा आजार होता हे कुणाला कळतही नाही. काही गाठी मात्र लवकर हाडांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे ‘कर्करोग आहे की नाही’ या प्रश्नाचं उत्तर अर्धंच असतं. खरा प्रश्न ‘किती आक्रमक आहे’ हा आहे.

उत्तर चुकलं तर दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. आक्रमक गाठ सुटली तर जीव धोक्यात. निरुपद्रवी गाठीवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन केलं तर लघवीवरचा ताबा सुटणं, लैंगिक क्षमता जाणं असे परिणाम माणूस विनाकारण आयुष्यभर भोगतो. आपल्याकडे यातलं दुसरं नुकसान कुणी मोजतच नाही, कारण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

आजार दुर्मीळही नाही. जगात २०२० मध्ये या कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते, ती संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल, असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये मांडला. लोक जास्त जगू लागले की हा आजार वाढतो. भारतात नेमकं तेच होत आहे.

पीएसएचा आकडा काय सांगतो?

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. कर्करोगात तो वाढतो, पण ग्रंथी फुगली, संसर्ग झाला, नुकताच कॅथेटर घातला असेल तरीही वाढतो. म्हणजे हा धुराचा अलार्म आहे. आग लागली तरी वाजेल आणि फोडणी करपली तरी वाजेल.

अमेरिकेत १९९४ मध्ये निदानासाठी पीएसएला मान्यता मिळाली आणि पुढे तपासण्यांचा पूर आला. त्यातून इतक्या निरुपद्रवी गाठी सापडल्या आणि इतक्यांवर उपचार झाले की २०१२ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञ गटाने सरसकट पीएसए चाचणी करू नका, असा सल्ला दिला. २०१८ मध्ये त्यात बदल झाला. ५५ ते ६९ वयोगटात डॉक्टरांशी बोलून ज्याने-त्याने ठरवावं, सत्तरीनंतर सरसकट करू नये, असं आता सांगितलं जातं.

हा गोंधळ चाचणीमुळे झाला असं मला वाटत नाही. चाचणीनंतर थेट सुईच होती, मधली पायरी नव्हती, म्हणून तो झाला. एमआरआयने ती पायरी दिली.

एक साधा भागाकार

मधल्या पायरीचा एक भाग तर जवळपास फुकट आहे. त्याचं नाव पीएसए डेन्सिटी. ग्रंथी मोठी असेल तर पीएसए जास्त असणं स्वाभाविक आहे, म्हणून पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागायचं. आकारमान सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये मिळतं. लांबी, रुंदी, उंची आणि ०.५२ यांचा गुणाकार, म्हणजे लंबगोलाचं घनफळ. शाळेतलंच गणित.

पीएसए ७.२ आणि ग्रंथी ८० सीसीची असेल तर डेन्सिटी येते ०.०९. तोच पीएसए आणि ग्रंथी ३६ सीसीची असेल तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर जास्त सावध होतात.

मामांच्या पहिल्या सोनोग्राफीत ग्रंथी ३६ सीसी लिहिली होती. तो रिपोर्ट माझ्याही फोनमध्ये होता. ‘बायोप्सी नॉर्मल’ वाचून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. भागाकार कुणीच केला नाही. अभियांत्रिकीची पदवी असलेल्या भाचीनेही नाही.

ग्लिसन स्कोअर : दहापैकी सहा म्हणजे मध्यम नव्हे

आक्रमकता ठरवण्याची जुनी आणि अजूनही अंतिम मानली जाणारी पद्धत पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली आहे. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड ग्लिसन यांनी १९६६ मध्ये ती मांडली. पेशींची रचना किती बिघडली आहे, यावर १ ते ५ अंक द्यायचे. सर्वाधिक दिसणाऱ्या रचनेचा अंक आधी, दुसरा नंतर, मग बेरीज.

इथे रुग्णांचा नेहमी गोंधळ होतो. व्यवहारात आज सर्वांत कमी स्कोअर ३+३, म्हणजे ६ असतो. ‘दहापैकी सहा’ ऐकून माणूस हादरतो, पण तो सगळ्यात सौम्य प्रकार आहे. शिवाय ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सातच, पण दुसरा अधिक आक्रमक. हा घोळ मिटवण्यासाठी २०१४ मध्ये तज्ज्ञांनी १ ते ५ असे ग्रेड ग्रुप ठरवले. ६ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, ८ म्हणजे ४, आणि ९-१० म्हणजे ५.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याची बातमी मे २०२५ मध्ये आली, तेव्हा आमच्या डेस्कवर ‘ग्लिसन ९’ म्हणजे काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त शोधला गेला. त्याचं उत्तर म्हणजे ग्रेड ग्रुप ५, सर्वांत आक्रमक गट. आजार हाडांपर्यंत पोहोचला होता. त्यांची शेवटची ज्ञात पीएसए चाचणी २०१४ मध्ये झाली होती, असं त्यांच्या कार्यालयाने सांगितलं.

बारा सुया आणि तरी हुकलेला नेम

ग्लिसनमध्ये एक मूलभूत अडचण आहे. पॅथॉलॉजिस्ट हातात आलेल्या तुकड्याचाच स्कोअर देऊ शकतो. पारंपरिक बायोप्सीत सोनोग्राफीच्या मदतीने ग्रंथीच्या ठरावीक भागांतून दहा-बारा बारीक तुकडे घेतात. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण त्यातली गाठ बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणजे नकाशावर चौकोन आखून प्रत्येकात एक खड्डा घ्यायचा आणि खाली पाणी लागेल अशी आशा करायची.

आम्ही याला सॅम्पलिंग एरर म्हणतो. नमुना चुकीच्या जागचा असेल तर पुढचं विश्लेषण कितीही अचूक असो, उत्तर चुकतं. गाठ सुटू शकते. गाठीची फक्त सौम्य कड सुईत येऊ शकते आणि मधला आक्रमक भाग तसाच राहतो. किंवा जिच्याकडे कधी लक्ष देण्याची गरजच नव्हती अशी बारीक निरुपद्रवी गाठ योगायोगाने सापडते. तिन्ही शक्यतांत रुग्णाला मिळणारा कागद सारखाच अधिकृत दिसतो.

एमआरआयमध्ये नेमकं काय दिसतं?

प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये एकाच भागाची वेगवेगळ्या पद्धतीने चित्रं घेतात. क्ष-किरण यात नसतात, चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी असतात.

पहिलं चित्र रचनेचं. निरोगी प्रोस्टेटच्या बाहेरच्या भागात द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात, त्या उजळ दिसतात. गाठ तिथे गडद दिसते.

दुसरं चित्र आक्रमकतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. त्याला डिफ्यूजन म्हणतात. त्यात पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हालतात, हे मोजलं जातं. सकाळी सहा वाजता पुण्याच्या लक्ष्मी रोडवर तुम्ही हवं तसं चालू शकता. विसर्जनाच्या रात्री त्याच रस्त्यावर पाऊल उचलणं कठीण. आक्रमक गाठीत पेशी अशाच दाटीवाटीने भरलेल्या असतात, नळ्यांची मोकळी जागा उरत नाही, त्यामुळे पाण्याची हालचाल अडते. ही हालचाल एडीसी नावाच्या आकड्यात मोजतात. सर्वसाधारणपणे एडीसी जितका कमी, तितका ग्लिसन जास्त असण्याची शक्यता अधिक. शरीराला सुई न लावता पेशींच्या गर्दीचा अंदाज येणं, ही या तंत्राची खरी कमाल आहे.

तिसरं चित्र शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन घेतात. गाठीत रक्तपुरवठा जास्त असल्याने ती लवकर उजळते. पण हा तिसरा टप्पा प्रत्येक वेळी हवा का, यावर मोठा वाद होता. ‘प्राइम’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ४९० पुरुषांत औषधाशिवायच्या छोट्या एमआरआयने सुमारे २९ टक्क्यांमध्ये महत्त्वाचा कर्करोग शोधला आणि औषधासह पूर्ण एमआरआयनेही तितक्याच टक्क्यांमध्ये. चित्रं चांगल्या दर्जाची असतील तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकतं. एमआरआयच्या रांगा असलेल्या आपल्यासारख्या राज्यासाठी ही फार मोलाची बातमी आहे. तिच्यावर पुरेशी चर्चा झालेली नाही.

पाय-रॅड्स : रिपोर्टच्या शेवटी असलेला आकडा

ही चित्रं पाहून रेडिओलॉजिस्ट १ ते ५ असा पाय-रॅड्स स्कोअर देतात. ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १ आणि २ म्हणजे महत्त्वाचा कर्करोग असण्याची शक्यता कमी, ३ म्हणजे सांगता येत नाही, ४ आणि ५ म्हणजे शक्यता जास्त.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. पाय-रॅड्स ५ म्हणजे ग्रेड ग्रुप ५ नाही. पहिला आकडा चित्रावरून काढलेला संशय आहे, दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली वस्तुस्थिती. आकडे दोन्हीकडे १ ते ५ असल्यामुळे अनेक कुटुंबं रिपोर्ट वाचून रात्रभर जागतात. आम्हीही जागलो होतो.

अभ्यास काय सांगतात?

ब्रिटनमधल्या ‘प्रोमिस’ अभ्यासात ५७६ पुरुषांची एमआरआय, पारंपरिक बायोप्सी आणि ग्रंथी दर पाच मिलिमीटरवर तपासणारी सखोल बायोप्सी, अशा तिन्ही तपासण्या झाल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. महत्त्वाचा कर्करोग असलेल्या १०० पुरुषांपैकी एमआरआयने ९३ जणांना ओळखलं. पारंपरिक बायोप्सीने ४८. म्हणजे जवळपास नाणेफेक. संशय असलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश पुरुषांची बायोप्सी एमआरआयमुळे टळू शकते, असंही त्यात दिसलं.

पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ हा ११ देशांतल्या ५०० पुरुषांचा अभ्यास आला. आधी एमआरआय आणि डाग दिसला तरच नेम धरून बायोप्सी, अशा गटात महत्त्वाचा कर्करोग ३८ टक्क्यांमध्ये सापडला. थेट बायोप्सीच्या गटात २६ टक्क्यांमध्ये. निरुपद्रवी कर्करोग सापडण्याचं प्रमाण मात्र २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. शोधायचं ते जास्त सापडलं आणि जे सापडू नये ते कमी सापडलं. एकाच बदलातून दोन्ही फायदे मिळण्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात फार नसतात.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ मध्येच संशयित रुग्णांसाठी एमआरआय ही पहिली तपासणी म्हणून सुचवली.

पण चित्रही चुकतं

इथवर वाचून कुणी ‘मग बायोप्सी नकोच’ असं म्हणेल, तर तो उलट्या बाजूचा अपघात ठरेल. ‘प्रोमिस’मधलाच दुसरा आकडा पाहा. महत्त्वाचा कर्करोग नसलेल्या १०० पुरुषांपैकी एमआरआयने फक्त ४१ जणांना बिनधोक ठरवलं. बाकीच्यांमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं. संसर्गाचा जुना व्रण, साधी वाढ, सूज यांतलं काहीही गाठीसारखं दिसू शकतं. आणि ९३ ओळखले याचा अर्थ सात सुटले.

एडीसीचे आकडेही काटेकोर नसतात. सौम्य आणि आक्रमक गाठींचे आकडे काही प्रमाणात एकमेकांत मिसळतात, मशिनगणिक बदलतात. म्हणून कोणताही प्रामाणिक रेडिओलॉजिस्ट ‘एमआरआयवर ग्लिसन इतका आहे’ असं ठामपणे लिहीत नाही. चित्र सुईला पत्ता देतं, सुईची जागा घेत नाही. एमआरआय स्वच्छ असूनही पीएसए डेन्सिटी जास्त असेल, वडील किंवा भावाला हा आजार झाला असेल, तर बायोप्सीचा सल्ला मिळू शकतो आणि तो योग्य असू शकतो.

पेट स्कॅन कधी?

गाठ आक्रमक निघाली की पुढचा प्रश्न येतो, ती ग्रंथीबाहेर गेली आहे का? इथे पीएसएमए पेट स्कॅन कामी येतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं. त्याला चिकटणाऱ्या रेणूवर गॅलियम-६८ सारखं किरणोत्सारी मूलद्रव्य बसवून शिरेतून देतात. जिथे पेशी तिथे चित्रात दिवा लागतो, मग ती लसीका ग्रंथी असो की मणका. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे काही तासांत त्याचा प्रभाव जवळपास संपतो.

ऑस्ट्रेलियातल्या ‘प्रो-पीएसएमए’ अभ्यासात धोकादायक गटातल्या ३०२ पुरुषांमध्ये या स्कॅनची अचूकता ९२ टक्के होती. सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५ टक्के. साधारणपणे गाठ जितकी आक्रमक तितकी ती जास्त उजळते. पण काही अतिआक्रमक गाठी हे प्रथिन फारसं बनवतच नाहीत आणि अंधारात राहतात. इथेही चित्र म्हणजे अंतिम सत्य नाही.

याच प्रथिनाला चिकटवून उपचारही करता येतात. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ बसवलं की ते पेशीपर्यंत जाऊन तिथेच मारा करतं. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होतं. आपल्याकडे तंत्र नाही, ही सबब त्यामुळे चालणार नाही.

एआयचं काय?

या विषयावर मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. २०२४ मध्ये ‘पाय-काय’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दहा हजारांहून अधिक एमआरआयवर शिकलेल्या आणि तपासलेल्या एआय प्रणालीने २० देशांतल्या ६२ रेडिओलॉजिस्टच्या सरासरीपेक्षा महत्त्वाचा कर्करोग अधिक चांगला ओळखला. आकडे भारावून टाकणारे आहेत. पण त्यातली चित्रं नेदरलँड्स आणि नॉर्वेमधल्या केंद्रांतली होती. तिथली मशिन, तिथले रुग्ण, तिथली सेटिंग्ज. आपल्या जिल्ह्यातल्या मशिनवर, प्रोस्टेटमध्ये संसर्गाच्या जुन्या खुणा असलेल्या आपल्या रुग्णांवर तीच अचूकता मिळेल, हे गृहीत धरणं म्हणजे जर्मनीतल्या रस्त्यावर तपासलेली गाडी थेट वरंध घाटात उतरवणं. आधी इथल्या चित्रांवर चाचणी, मग विश्वास.

आपल्याकडे घोडं अडतं कुठे?

एमआरआय मशिनच नाहीत, हे उत्तर अर्धंच खरं आहे. मोठ्या शहरांत ती आहेत, अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीही पोहोचली आहेत. मला तीन अडचणी जास्त खऱ्या वाटतात.

पहिली, वाचणाऱ्या डोळ्यांची. गुडघ्याचा आणि पाठीचा एमआरआय दिवसभर वाचणारं केंद्र महिन्याला प्रोस्टेटचे दोन-चारच वाचत असेल तर स्कोअरवर भरवसा कमी. चित्राचा दर्जा मोजण्यासाठी पाय-क्वाल नावाची वेगळी पद्धत तज्ज्ञांनी काढली, ती याच काळजीतून. रिपोर्टमध्ये दर्जाची नोंद असावी, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी, पैशांची आणि त्यामागच्या विम्याच्या तर्काची. अनेक पॉलिसींमध्ये तपासणीचा खर्च तेव्हाच मिळतो, जेव्हा त्यातून पुढे रुग्णालयात भरती व्हावं लागतं. म्हणजे एमआरआयने बायोप्सी टळली तर त्या एमआरआयचे पैसे तुमच्या खिशातून. बायोप्सीसाठी भरती झालात तर दावा करता येतो. अनावश्यक सुई टाळणाऱ्यालाच दंड, असा हा उफराटा हिशेब आहे. विमा नियामकाने आणि सरकारी आरोग्य योजनांनी तो बदलायला हवा.

तिसरी अडचण सर्वांत स्वस्तात सुटणारी. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये पीएसए सर्रास घातला जातो. आकडा ठळक करून पाठवला जातो आणि पुढे काय, याची एक ओळही त्यात नसते. ‘एका चाचणीवर निर्णय घेऊ नका, पुन्हा तपासा, ग्रंथीच्या आकारमानाशी ताडून पाहा, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा’ एवढ्या चार वाक्यांना किती शाई लागते?

याविरुद्ध एक रास्त आक्षेप आहे. ज्या तालुक्यातून एमआरआयसाठी दीडशे किलोमीटर जावं लागतं, तिथे हा आग्रह धरला तर रुग्ण तपासणीच सोडून देईल. खरं आहे. पीएसए पन्नास-शंभरच्या घरात असेल, हाताने तपासताना ग्रंथी दगडासारखी लागत असेल, हाडं दुखत असतील, तर एमआरआयची वाट पाहत बसणं चुकीचं. तिथे बायोप्सी आणि उपचार लवकर हवेत. पण मामांसारखे चार ते दहाच्या दरम्यान अडकलेले पुरुष खूप असतात. त्यांच्याबाबत दोन-चार आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. घाईत हुकलेल्या नेमाने बिघडू शकतं.

रिपोर्ट हातात आला, आता काय विचाराल?

१. पीएसए पुन्हा तपासायचा का? लघवीचा संसर्ग आधी वगळला आहे का?

२. माझ्या ग्रंथीचं आकारमान किती आणि पीएसए डेन्सिटी किती?

३. बायोप्सीच्या आधी एमआरआय करता येईल का? बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळतं आणि काही आठवडे चित्र गढूळ येतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच सांगा. औषध द्यायचं असेल तर किडनीच्या त्रासाचीही कल्पना द्या.

४. रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स स्कोअर, डागाची जागा आणि माप, ग्रंथीचं आकारमान आणि चित्राचा दर्जा लिहिला आहे का? रिपोर्टच्या कागदासोबत मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक घ्या. दुसरं मत घेताना तीच लागते.

५. बायोप्सी त्या डागावर नेम धरून होणार का? गुदमार्गातून होणार की त्याच्या पुढच्या त्वचेतून? दुसऱ्या पद्धतीत संसर्गाचा धोका कमी असतो.

६. कर्करोग निघाला तर ग्रेड ग्रुप कोणता? ग्रुप १ असेल तर लगेच उपचार न करता नियमित लक्ष ठेवता येईल का?

या शेवटच्या प्रश्नाला भक्कम आधार आहे. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात १,६४३ पुरुषांना लक्ष ठेवणं, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत विभागलं होतं. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कर्करोगाने मृत्यू झालेल्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र सुमारे दुप्पट होतं. म्हणजे थांबणं सुरक्षित असू शकतं, पण कुणी थांबायचं हे नीट ओळखता आलं पाहिजे. आणि ते ओळखण्याचं आज हातात असलेलं सर्वांत चांगलं साधन म्हणजे नीट काढलेलं, नीट वाचलेलं चित्र.

मामांचं पुढे काय झालं?

पीएसएमए स्कॅनमध्ये आजार ग्रंथीबाहेर गेलेला दिसला नाही. शस्त्रक्रिया झाली. आता दर काही महिन्यांनी पीएसए तपासतात आणि तो अगदी नगण्य येतो. ते वर्ष वाया गेलं नसतं तर शस्त्रक्रिया लहान झाली असती का, हे कुणी सांगू शकत नाही आणि मामा तो हिशेब मांडतही नाहीत.

एक बदल मात्र झाला. गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या वर्कशॉपमधल्या मित्राचा पीएसए वाढला. मामांनी त्याला फोन केला, स्पीकरवर, माझ्यासमोर. “सोनोग्राफीत ग्रंथी किती सीसी लिहिलीय? थांब, भाग दे त्याला. आणि सुई टोचायच्या आधी विचार, एमआरआय करू का म्हणून. लाजू नकोस, मी लाजलो होतो.”

तुमच्या घरातही साठीच्या आसपासचे वडील, काका, मामा, सासरे असतील. त्यांच्या फोनमधल्या जुन्या रिपोर्टांमध्ये हा आकडा कुठेतरी असेल. आज रात्री जेवताना विषय काढा.